भरतीची रेघ

वाऱ्यामुळे शाळेला तिसऱ्या दिवशीही सुट्टी.
पिठाची रिकामी कागदी पिशवी उसवली, उलटी केली,
टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार शिंपले.
म्हटलं, चला, घर काढू.

यास्नानं लगेच त्रिकोणी छप्पर काढलं, वर धूर.
असं नाही गं.
कुरव पक्ष्यानं आपलं छप्पर उचलून
आत डोकावलं तर त्याला काय दिसेल, ते काढायचं.
ती वर बघत राहिली.
"मग आपले फक्त भांग दिसतील?" एलिसेओनं विचारलं.
हो. फक्त भांग.

मग पावलं मोजली. चुलीपासून दारापर्यंत
माझी सहा, त्याची आठ, तिची अकरा.
घर एकच आणि लांब्या तीन!
भांडण, रडारड, एक पेन्सिल चुलीमागे.
शेवटी ठरलं, धाकटीचं पाऊल धरायचं:
एक पाऊल म्हणजे आगपेटीची अर्धी काडी.
एरवी सगळी मापं मोठ्यांच्याच पायांची असतात,
या एका पिशवीवर तरी नकोत.

दुपारी ढग जरासे फाटले,
तेवढ्यात दोघांना खिडकीशी ढकललं.
बघा, आपल्या चिलोएत भर दुपारी सूर्य उत्तरेला,
बाण तिकडे.
एलिसेओच्या पुस्तकातला मुलगा
दुपारच्या उन्हात दक्षिणेकडे तोंड करून उभा.
"पुस्तक चुकलंय?"
नाही रे. ते जिथं छापलं, तिथलं आकाश वेगळं.

नियम एकच सांगितला: हलतं ते काढायचं नाही.
चूल काढ, जिना काढ,
घर ज्यांच्यावर उभं आहे ते खांब काढ, नुसते ठिपके,
तेवीस आहेत, मी मोजलेत,
एक आतून कुजलाय, तो पोकळ ठेव.
मांजर नाही.
यास्नानं मांजर खोडलं,
ओठ घट्ट मिटून, शेपटी सर्वांत शेवटी.

मग पेन्सिल अडली. "समुद्र कुठून सुरू करू?"
काय सांगणार.
सकाळी आमच्या फळ्यांखाली चिखल, खेकडे, कलंडलेली होडी,
जेवणं होईतो त्याच खांबांना कमरेइतकं पाणी.
दोन रेघा काढ म्हटलं,
भरतीची सलग, ओहोटीची तुटक.
"आणि मधलं कुणाचं?"
दोघांचं, पाळीपाळीनं.
"पण आई, पाणी तर हलतं."

या पोरीचं बोट नेमकं
जिथं माझं गणित कच्चं तिथंच पडतं.
मांजर परत आलं, चुलीशेजारी,
आधीपेक्षा थोडं लठ्ठ.

रात्री भांडी घासून आले तर
पिशवीच्या उजव्या कडेला खळीनं चिकटवलेला
विजेच्या बिलाचा मागचा कोरा कागद.
त्यावर गोल गोल जाळी, साल्मन माशांचे पिंजरे,
शेजारी तरंगतं खोपटं, आणि खोपट्यात एक भांग,
रोसामेलचा, डाव्या बाजूला, अगदी तसाच.
किनाऱ्यापासून तिथवर मांडलेल्या अख्ख्या काड्या. नऊ.

"प्रमाण चुकलं!" एलिसेओ ओरडला.
"बोटीनं अर्धा दिवस लागतो बाबांकडे,
आणि हिनं अठरा पावलांत पोचवलं!"
"पावलं नाहीत ती," यास्ना म्हणाली, "रात्री आहेत."

तो माझ्याकडे बघायला लागला. मास्तरीण मी.
कोपऱ्यात सूची होती, त्याच्याच नेटक्या अक्षरात:
अर्धी काडी, एक पाऊल.
पोकळ ठिपका, कुजका खांब.
तुटक रेघ, ओहोटी.
त्याखाली मी लिहिलं:
पाण्यावरची काडी, एक रात्र.
तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं माझा "त्र" सुधारला.

आज सकाळी लाकडं दमट, आगपेटीत काही नाही.
फुंकर घालून घालून डोळे चुरचुरले.
यास्ना उठली, अनवाणी टेबलापाशी गेली,
पाण्यावरची एक काडी उचलून
माझ्या हातात ठेवली.

आठ.